गाठ मारायची न्हाय

मी आज चार अक्षरं लिहितो आहे ती शांताराम जॉबरमुळे. राहनाळच्या आमच्या आळीत त्याला सगळे जॉबरदादा म्हणत. बिघडलेले लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करणारा तो जॉबर, आणि त्याच्यासारखा कान मी भिवंडीत दुसऱ्या कोणाचा पाहिला नाही. चोवीस लूम एकदम खडखडत असताना तो दारात चपला काढता काढता सांगायचा, सातव्याचा पट्टा ढिला हाय. आणि तो ढिला असायचा. या माणसाबद्दल मला प्रेमानं लिहायचं आहे. पण लिहायला बसलो की आधी राग येतो, आणि इतक्या वर्षांत तो कमी झालेला नाही.

मी मॅट्रिक झालो तेव्हा वडिलांनी माझ्यासाठी लूमवर जागा बघून ठेवली होती. आमच्या घरात त्यापुढे कोणी शिकलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. दादा संध्याकाळी येऊन ओटीवर बसला. "काका, याला शिफ्टला घातलास तर त्या कारखान्यातला एक लूम मी चालू ठेवनार न्हाय." वडील हसले. दादा हसला नाही. महिन्याभरानं मी कल्याणच्या कॉलेजात होतो. दादा स्वतः तिसरीपर्यंत शिकलेला, अक्षर अक्षर लावून वाचायचा; पण माझी वही चहावाल्यापासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांना दाखवायचा. "बग, छापल्यागत लिवतो."

लूमच्या आवाजात कोणाला काही ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं ओठांवरून बोलणं ओळखतात. दादाला ती सवय घरीही होती. मला रागवायचं असलं की चारचौघांत आवाज न करता, तोंड मोठं करून बोलायचा. आयुष्यातल्या सगळ्यांत सणसणीत शिव्या मी अशा न ऐकता खाल्ल्या आहेत.

शुक्रवारी आमच्याकडचे लूम बंद असत. त्या दुपारी मानकोलीच्या बाजूच्या सरळ रस्त्यावर शर्यत लागायची. दोन शेठांनी दोन जुन्या, दणकट मोटारसायकली घेतल्या होत्या आणि त्यांवर आपापले जॉबर बसवले होते. गाडी शेठची, मान जॉबरची. वजन कमी व्हावं म्हणून सायलेन्सर काढायचे, मडगार्ड काढायचे, पुढचा ब्रेकसुद्धा काढून ठेवायचे. उभ्या जागेवरून सुटायचं ते थेट रस्त्याकडेच्या बाभळीपर्यंत. तीस आकडे मोजेपर्यंत सगळं संपायचं.

एकदा दादानं मला मागं बसवलं. त्यानं क्लच सोडला आणि पुढचं चाक जमिनीवरून उठलं. माझं पोट जागेवरच राहिलं, मी पुढं गेलो. डोळ्यांतून पाणी आलं ते मागं कानांत गेलं. खोटं कशाला सांगू, उतरल्यावर मला आणखी हवं होतं. मी म्हटलं, मलाही शिकव. त्यानं माझ्या हाताकडे बघितलं. "या हातानं पेन धर. ह्यो खेल माज्यासारक्याचा हाय." स्वतःची मान इतकी स्वस्त धरणाऱ्या माणसावर मला तेव्हाच चिडायला हवं होतं. मला अभिमान वाटला.

बाभळीपाशी रस्त्यावर आडवं सूत धरायचे. ज्याच्या छातीनं ते तुटेल तो जिंकला. हे सूत कापसाचं, लूमवरचंच, लागताक्षणी तुटणारं. एक टोक माझ्याकडे असायचं, कारण हा शिकलेला आहे, खोटं बोलणार नाही, असं दोन्ही बाजूंचं मत होतं. सुटायच्या जागेकडे जाताना दादा दर वेळी बजावायचा, "दोन बोटांत धर. गाठ मारायची न्हाय. मानूस येतोय." म्हणजे तुटलं नाही तरी बोटांतून सुटावं.

त्या महिन्यात दादाच्या शेठनं कापूस सोडून नायलॉन सुरू केलं होतं. शर्यतीला तो स्वतः नायलॉनच्या धाग्याचा कोन, मोठं रीळ, घेऊन आला. "कॉटन का जमाना गया. अपना धागा चमकना चाहिए, सब देखेंगे." चमक दिसावी म्हणून त्यानं तो तिपेडी करायला लावला. रस्त्याच्या पलीकडच्या माणसानं तिथं उभ्या असलेल्या टेम्पोच्या कडीला टोक गुंडाळलं. माझ्या बोटांतून धागा निसटायला लागला. एकदा निसटला, दोनदा निसटला. शेठ ओरडला, "कॉलेजवाले, धागा भी नहीं पकड सकते?" लोक हसले. मी बाभळीला दोन वेढे घातले आणि टोक धरून उभा राहिलो. गाठ मारली नाही, असं मी स्वतःला पुढं दोन-तीन वर्षं सांगत राहिलो.

दादा पुढं होता. वाऱ्याला अडायचं नाही म्हणून तो टाकीवर पालथा पडून यायचा. छातीच्या जागी त्याचा गळा होता. धागा तुटला नाही.

तो वाचला. आवाज गेला. तिसऱ्या दिवशी ठाण्याच्या दवाखान्यात शेठचा मुनीम जबाब लिहून घ्यायला कागद घेऊन आला. शर्यतीचं नाव निघालं तर तिथं हजर असलेल्या सगळ्यांना पोलीस उचलतील, म्हणाला. माझी बी.ए.ची परीक्षा पंधरा दिवसांवर होती. गळ्याला पट्ट्या होत्या, दादाचे नुसते ओठ हलले. घसरलो म्हनून लिव. मी मान हलवून नाही म्हटलं. त्यानं तोंड मोठं केलं. परीक्षा. मी लिहिलं, छापल्यागत. खाली त्यानं अडखळत सही केली.

त्यानंतर त्याची मान वाकेना, आणि लूमखाली शिरल्याशिवाय जॉबरचं काम होत नाही. शेठनं त्याला कारखान्याच्या फाटकावर स्टुलावर बसवलं. येणाऱ्याजाणाऱ्याला त्याच्यासमोरच सांगायचा, "फिसल गया बेचारा. हमने संभाला." दादा नुसता हसायचा. ते हसणं मला बघवेना. मी पास झालो, जव्हारला मास्तर झालो आणि दोन वर्षं घरी आलो नाही. मग एका दुपारी हे पत्र लिहिलं. त्याची नक्कल ठेवली होती, ती देतो.

"तीर्थस्वरूप शांतारामदादास, साष्टांग नमस्कार.

शाळेत शिकवलं तसं वर लिहिलं, पण तुला तुम्ही म्हणायला हात धजत नाही.

तू घसरला नव्हतास. शर्यत होती. धागा नायलॉनचा होता, तो शेठनं आणला आणि तिपेडी करायला लावला. एक टोक टेम्पोच्या कडीला होतं. दुसरं माझ्याकडे. ते मी बाभळीला गुंडाळलं. दोन वेढे. लोक हसले म्हणून. तू पालथा होतास, तुला दिसलं नसेल. ज्याच्यासाठी तू खोट्या जबाबावर सही केलीस त्यानंच तुझा आवाज घेतला.

खाली माझी पूर्ण सही आहे, शाळेचा पत्ता आहे. हा कागद शेठच्या तोंडावर टाक, पोलिसांत दे, नाही तर चुलीत घाल. तू सांगशील तिथं येऊन मी हेच बोलेन. तू चूल निवडशील याची मला भीती आहे, आणि तसं केलंस तर मी तुझ्यावरही रागावेन.

रविवारी येतो. फाटकापाशी तुझ्यासमोर उभा राहीन. सावकाश वाच, मग तोंड मोठं करून मला काय बोलायचं ते बोल. मला ओठ वाचता येतात."