रालेंतांदो, आणि केळझरची माझी ताई

अन्याय झाला तो माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीवर. यंदाच्या जूनमधल्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, पुलगावकडच्या एका निवासी शाळेच्या सभागृहात. मी तिथे मागच्या खुर्चीवर बसले होते, म्हणून हे ऐकीव नाही.

जागा संगीतशिक्षिकेची होती. शाळेचा स्वतःचा वाद्यवृंद आहे, सगळा पाश्चात्त्य पद्धतीचा. ताई व्हायोलिनमध्ये विशारद, पण मांडी घालून वाजवणारी, आपल्या रागदारीतली. तीन महिने तिनं त्या संगीतातले गती सांगणारे इटालियन शब्द घोटले. लार्गो, अदाज्यो, अंदान्ते, अलेग्रो. अंदान्ते म्हणजे चालण्याची गती, तर ही मोबाइलवर टिकटिक लावून अंगणात चालायची. आई म्हणाली, "काय करून राह्यली वो? अंगणात पायवाट पाडतं का?"

मी मध्येच विचारायचे, "रालेंतांदो?"

"हळूहळू संथ होत जाणं. तुले काय वाटते, मले येत नाई?"

येत होतं. सगळं येत होतं. अडचण शब्दांच्या अलीकडे होती आणि ती आम्हा दोघींच्याही लक्षात आली नाही. दर गुरुवारी आमच्याकडे खंजिरीचं भजन असतं, ताई लहानपणापासून साथीला बसते. भजनात शेवटाकडे लय चढते. चढलीच पाहिजे. संपत आलं आणि लय रेंगाळली, तर कुणीतरी म्हातारा ओरडतोच, "काऊन रे, झोपले काय?" हे कुठे लिहिलेलं नसतं, हात आपोआप पळतात. तिकडच्या संगीतात गती कागदावर असते. कागद सांगत नाही तोवर ती बदलायची नाही, आणि कागदानं संथ व्हा म्हटलं की व्हायचं.

सभागृहात ताईला हातानं वाद्यवृंद चालवून दाखवायला चौदा मुलांपुढे उभं केलं आणि स्वरलिपीचं पान हातात दिलं. तोवर तिनं ते पाहिलेलंच नव्हतं. आधी फोन करून मागितलं होतं, उत्तर मिळालं, "इथंच देऊ." सुरुवात चांगली झाली. अंदान्ते अगदी अंगणातल्यासारखं. शेवटच्या ओळीवर रालेंतांदो होतं, आणि तिथेच ताईचा हात चढला. मुलं हाताकडे बघून वाजवणारी, तीही पळाली. शेवटचा स्वर धाडकन आपटला.

निवड समितीतले एक गृहस्थ हसले. "मॅडम, बस सुटत होती का?" मग बाकीचे हसले. मुलंसुद्धा.

"सर, कुठे चुकलं ते कळलं मला," ताई म्हणाली. "एकदा परत घेऊ द्या."

"आम्हालाही कळलं," ते म्हणाले, आणि पुढचं नाव पुकारलं.

व्हरांड्यात नागपूरहून आलेली दुसरी उमेदवार भेटली. सहज बोलून गेली, "मला तर चार दिवस आधीच पान आलं होतं. तुम्हाला नाही पाठवलं?" जागा तिला मिळाली. तिचा यात काही दोष नाही.

मी घरी येऊन काय केलं? मला जे येतं ते. पत्रक लिहिलं. 'इटालियन शब्दांची गुलामी बंद करा!' ठळक अक्षरात. ताईनं वाचलं आणि घडी करून माझ्याच हातात दिलं.

"शब्दांनी माह्यं काय बिघडवलं? चांगले शब्द आहेत ते. मले पान पाहिजे होतं, अन् एक डाव परत."

मला तिचाच राग आला, कारण ती बरोबर होती. तिच्या अपमानावर मी माझी घोषणा चिकटवायला निघाले होते.

आता ती गुरुवारी भजनाला येत नाही. हात परत चढेल, म्हणते. नोकरी हुकली ते एक वेळ सोडा. जे तिला उत्तम येतं त्याचीच तिला लाज वाटायला लागली आहे. हे त्या हसण्यानं केलं. मी अजून ते गिळू शकलेले नाही.

तुमची मुलं अशा शाळेत शिकत असतील, तर सोमवारी शाळेच्या ऑफिसात जा. प्रत्येक उमेदवाराला पान एकाच दिवशी, आठ दिवस आधी द्या, आणि चुकलं तर एकदा परत वाजवू द्या, असं सांगा. तोंडी आश्वासनावर उठू नका. लेखी घ्या.