हिंजवडीच्या चौकात अडकलेला गव्हर्नर

यवतमाळहून बस सुटली तेव्हा माझ्या पिशवीत दोन सदरे, तिळाचे लाडू आणि वीस वर्षे लिहिलेली एक वही होती. वहीत एकोणिसाव्या शतकातल्या एका अमेरिकी गव्हर्नरचे चरित्र. नाव सांगत नाही. अमेरिकेतही त्याला फारसे कोणी ओळखत नसावे. कोणी हसेल या भीतीने घरी कधी वाचून दाखवले नव्हते. अशात कर्वेनगरच्या एका व्याख्यानमालेचे बोलावणे आले, संध्याकाळी सहा ते सात. तिथे हा माणूस कोणाला भावला नाही, तर लिहिणे कायमचे सोडायचे असे मी ठरवले होते.

उतरलो पुतणीकडे, हिंजवडीला. मेघा तिथे आयटीवाली (संगणक कंपनीत नोकरी करणारी) आहे. शेताचा बांध संपतो तिथेच काचेच्या इमारती सुरू होतात. आमची पोर गळ्यात ओळखपत्र घालून ऐटीत आत शिरली, तेव्हा मला भारी अभिमान वाटला. कँटीनमध्ये पोह्यांवर आमच्याकडची तर्री, म्हणजे झणझणीत रस्सा, मागितली, तर वाढपी नुसताच हसला.

साडेचारला तिच्या कंपनीच्या बसने आम्ही निघालो आणि चौकातच अडकलो. साडेपाच झाले तरी तिथेच. खिडकीखाली एक गावकरी उभा होता. त्याला विचारले, "रोजच असं असतं का हो?"

"आज बरं हाय की," तो म्हणाला. "काल डायवर इंजान बंद करून झोपला हुता."

ठीक सहाला मेघाचा मोबाईल वाजला; मी तिचाच नंबर कळवला होता. व्याख्यानमालेचे चिटणीस होते.

"आपण कुठे आहात?"

"हिंजवडीत."

"व्याख्यान कर्वेनगरला आहे."

"थोडं उशिरा सुरू करता येईल?"

"अहो, वेळ छापली आहे. फोन माइकपाशी धरतो. बोला."

मी वही मांडीवर उघडली. बोलू लागलो. जोडे शिवणाऱ्याचा हा मुलगा मालाच्या होडीवर राबता राबता कायदा शिकला, गव्हर्नर झाला, आणि गरिबांच्या मुलांना फुकट शाळा मिळावी म्हणून त्याने जमीनदारांवर कर बसवला. ते खवळले. पुढच्या निवडणुकीत तो सपाटून पडला...

"सात वाजले. आभारी आहोत," चिटणीस म्हणाले आणि फोन बंद झाला.

मी हिरमुसून बसलो. तेव्हा कुठे लक्षात आले, बसमधली बडबड केव्हाच थांबली होती. मागच्या सीटवरची मुलगी म्हणाली, "सर, मग शाळांचं काय झालं? प्लीज, सांगा ना!"

कर्वेनगरला पोचलो तेव्हा पावणेआठ झाले होते. हॉलला कुलूप होते. फुटपाथवर मात्र पंधरा-वीस आजी-आजोबा उभे होते, आणि त्यांच्यात चिटणीसही.

"हॉल सातला बंद होतो, तो नियम आहे," ते म्हणाले. "फुटपाथला नियम नाही. शाळांचं काय झालं?"

शाळा टिकल्या, मी सांगितले. त्या बंद करायची शपथ घेतलेल्या नव्या गव्हर्नरला आईबापांनी वाकवले. आणि आमच्या माणसाने म्हातारपणी गावच्या शाळेच्या शेगडीला लाकडे पुरवायचे काम हौसेने मागून घेतले. एका आजींनी डोळे पुसले.

"पुढच्या वर्षी सकाळीच निघा," चिटणीस म्हणाले. ते पुढच्या वर्षीचे आमंत्रण होते, हे मला रिक्षात बसल्यावर कळले.

परतीच्या वाटेवर एकच गोष्ट मनाला लागून राहिली. माझा गव्हर्नर लोकांना नकोसा कधीच नव्हता. मीच तो वीस वर्षे दडवून ठेवला होता. घरी पोचताच बायकोने विचारले, "कसं झालं जी?" चहाचीही वाट न पाहता मी तिला समोर बसवले आणि जोडे शिवणाऱ्याच्या घरापासून सुरुवात केली.