अण्णांचा फ्रान्समधला रविवार

नवीन माणूस घरात आला, की चहाचा कप त्याच्या हातात पडायच्या आत आमचे अण्णा फ्रान्सला पोचलेले असायचे. "तुम्हाला म्हणून सांगतो," अशी सुरुवात. हे 'तुम्हाला म्हणून' त्यांनी गॅसवाल्याला सांगितलंय, माझ्या माहेरच्या गुरुजींना सांगितलंय, आणि मला बघायला आले तेव्हा मलाही सांगितलं होतं. मुलीला स्वयंपाक येतो का, हे विचारायचं त्या नादात राहूनच गेलं. मी आपले मनातल्या मनात फ्रेंच लोकांचे आभार मानले.

अण्णा म्हणजे माझे सासरे. पुण्यातल्या एका कारखान्यात इंजिनियर होते. तरुणपणी कंपनीने ट्रेनिंगसाठी त्यांना फ्रान्सला पाठवलं होतं आणि तिथल्या एका रविवारी साहेबांबरोबर गाडीने ते जुनी गावं बघत हिंडले. बस, एवढंच! पण तो एक रविवार त्यांनी जन्मभर पुरवला. सकाळी शार्त्रचं चर्च, त्याचे दोन मनोरे, "एक उंच, एक बुटका, आमच्या जोडीसारखे." मग रस्त्याच्या दुतर्फा सूर्यफुलांची शेतं आणि दुपारी लुआर नदीकाठी आंब्वाजचा किल्ला. "बुरुजाच्या गोल गोल पायऱ्या चढताना दम लागला हो. पण वर गेलो, खाली नदी बघितली आणि वाटलं, आपण पण राजेच की!" मंदारला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, या गोष्टीचं लहानपणापासून कोण कौतुक. आपणही देशाबाहेर जायचं हे त्याने ती ऐकतानाच ठरवलं असणार.

सासूबाई गेल्यावर अण्णा आमच्याकडे मेलबर्नला आले. टार्निटमधल्या आमच्या घरी तीन महिने राहायचं ठरलं होतं, तेवढ्यात कोरोनाने विमानंच बंद केली. अण्णांनी तक्रार म्हणून केली नाही. "जिथे अंथरूण टाकलं ते आपलं गाव," म्हणायचे आणि सकाळी गल्लीतल्या प्रत्येक घरासमोरची हिरवळ तपासून यायचे. त्याच सुमारास मंदारची आयटीतली नोकरी गेली. तो डिलिव्हरीची व्हॅन चालवायला लागला. लोकांच्या दारात किराणा ठेवायचा, औषधं ठेवायची. अण्णांना हे सांगायची आमची छाती झाली नाही. "सर्व्हर सांभाळायला जावंच लागतं ऑफिसला," असं मंदार सांगायचा, दारातली व्हॅन ऑफिसचीच म्हणायचा आणि पिवळं जाकीट गराजमध्ये जाऊन चढवायचा. खोटं त्याचं, पण शेजारी उभी राहून मान डोलावणारी मी.

लॉकडाऊनमधल्या एका रविवारी आमच्या नऊ वर्षांच्या इराने टूम काढली. टीव्हीवर नकाशा लावायचा, रस्त्यांचे फोटो उघडायचे आणि आजोबांनी सगळ्यांना फ्रान्स दाखवायचं. "आजोबा, यू ड्राइव्ह. आय विल नॅव्हिगेट." अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून, घरातल्या घरात बूट चढवून सोफ्यावर बसले. मीही प्रवास म्हणून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी केली.

शार्त्र झोकात पार पडलं. सूर्यफुलं काही दिसेनात, तर अण्णा म्हणाले, "सीझन नाही." मग आंब्वाज आलं. इराने कुठून तरी त्या बुरुजाच्या आतले फोटो शोधून काढले आणि कपाळाला आठ्या घातल्या. "देअर आर नो स्टेप्स, आजोबा. इट्स अ रॅम्प. घोडे जायचे वर."

"दुसरा बुरुज असेल गं," मी घाईने म्हटलं.

"इतक्या वर्षांनी काय आठवणार माणसाला?" मंदार म्हणाला. झाकपाक करायचा आम्हा दोघांना तोवर चांगलाच सराव झाला होता.

अण्णांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. "इरा, खाली रस्त्यावर ये बघू. अजून पुढे. थांब." किल्ल्याच्या तटाखाली दगडी भिंत होती आणि तिला लागून गाड्या उभ्या होत्या. "ही बघ. इथे होतो मी."

"कधी?" मंदारने विचारलं.

"दुपारभर." अण्णा टीव्हीकडेच बघत होते. "साहेब होते, त्यांच्या मिसेस होत्या, मेव्हणे होते. इंटरनॅशनल लायसन्स माझ्या एकट्याकडे. निघायच्या आधी हौसेने काढलं होतं रे. साहेब म्हणाले, तुम्ही गाडीतच बसा, सामान आहे. शार्त्रलाही बसलो, इथेही बसलो. परत येताना मागच्या सीटवर सगळे बोलत होते, ते ऐकलं. गोल गोल चढून गेलो म्हणाले, मला वाटलं पायऱ्याच असतील."

"सो यू नेव्हर वेंट इन?"

"नाही गं बाळा. आजोबा त्या दिवशी ड्रायव्हर होते."

त्यांनी वाकून बूट काढले, भिंतीशी नीट लावून ठेवले आणि खोलीत गेले. जेवायलाही आले नाहीत. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या गोष्टीची लाज अण्णांनी जन्मभर लपवली, तीच आम्ही त्यांच्यापासून लपवत होतो, आणि ती व्हॅन होऊन आमच्या गराजसमोर उभी होती.

संध्याकाळी मंदार गराजमध्ये गेला नाही. पिवळं जाकीट घालून तो अण्णांच्या दारात उभा राहिला. मी चहा घेऊन मागे.

"अण्णा, शिफ्टला निघालो. व्हॅन चालवतो मी. नोकरी गेली."

अण्णांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "लोक घरात घेतात?"

"नाही. दारात ठेवायचं, बेल मारायची आणि लांब व्हायचं."

"औषधं पण असतात?"

"असतात."

"मग मला का नाही रे सांगितलंस?" विचारलं आणि तेच ओशाळले. "जाऊ दे. मी कुठल्या तोंडाने विचारतोय!" मंदार वळला तसं पुन्हा म्हणाले, "मध्ये मध्ये खाली उतरून उभा राहत जा जरा. बसून बसून पाय अवघडतात."

विमानं सुरू झाल्यावर अण्णा पुण्याला परतले आणि पुढच्याच वर्षी गेले. आम्ही धावत पोचलो. तोवर मंदारला पुन्हा चांगली नोकरी लागली होती. तेराव्याला सोसायटीतली माणसं जमली. त्यातल्या जोशीकाकांनी मंदारचा हात धरला.

"अण्णा तिकडून आल्यापासून फ्रान्सचं नाव काढायचे नाहीत बघ. आल्यागेल्याला एकच सांगायचे. आमचा मंदार कोरोनात स्वतः गाडी चालवून घरोघरी औषधं पोचवत होता. डोळ्यांत पाणी यायचं रे त्यांच्या. तूच ना तो?"

सगळे कौतुकाने बघायला लागले.

"ते तात्पुरतं होतं हो काका," मंदार घाईघाईने म्हणाला. "मी आयटीत आहे."

बोलून गेला आणि त्याने मान खाली घातली. समोर हार घातलेला अण्णांचा फोटो होता. तिकडे त्याला बघवेना. मलाही.