शेवटच्या अंकातली चूक

महानगर नावाच्या वस्तीतल्या घरी पंढरीनाथ टेंबे जुन्या अंकांचा गठ्ठा बांधत होते. गणितशिक्षकांसाठीचं ते हिंदी त्रैमासिक त्यांनी नोकरी सांभाळून अठरा वर्षं चालवलं होतं. आकृत्या ते स्वतः स्टेन्सिलवर कोरत, पत्नी चित्राताई तिकिटं चिकटवत, आणि रविवारभर घराला शाईचा वास येई.

आता ग्रंथालयाने अंक मागितले होते. पण शेवटच्या अंकातली त्यांची सिद्धता चुकली होती, आणि शुद्धिपत्र छापायला पुढचा अंक निघालाच नाही.

“तेवढा एक देत नाही,” ते म्हणाले.

“अहो, चाळीस वर्षं झाली! मिश्राजींना तरी विचारा.”

आलमबागचे मिश्राजी म्हणजे पहिल्या अंकापासूनचे वर्गणीदार. पंढरीनाथांनी फोनवर चूक कबूल केली. मिश्राजी मात्र खो खो हसले.

“अरे टेंबे साहब, वो पन्ना तो मैं हर साल क्लास में देता था! कहता था, संपादकजी की गलती ढूँढो. बच्चे और कुछ इतने ध्यान से पढ़ते ही नहीं थे!”

पंढरीनाथांनी तो अंक गठ्ठ्यात घातला. चुकीच्या ओळीवर खूण करायला पेन्सिल उचलली, आणि तशीच खाली ठेवली.