गुन्हा कबूल करायला अकरा मिनिटं उशीर

ऑर्व्हिल लिंडक्विस्ट म्हणजे मिनेसोटातल्या त्या गावचा अगदी सरळ माणूस. एकसष्ट वर्षांत कुणाला वेडंवाकडं बोलला नाही. काँक्रीटची कंपनी होती, आणि पंधरा वर्षं तो गावाला लुबाडत होता. पण तेही अदबीनं.

काँक्रीट विकणाऱ्या कंपन्या तीनच. दुसरी ड्वेन हॉगनची, तिसरी लोर्ना ट्वेट या विधवा बाईंची. रविवारी चर्च सुटलं की तिघं तिथल्याच तळघरात कॉफी आणि खजुराच्या वड्या घेऊन कोपऱ्यात बसत. शाळेचं अंगण कुणी करायचं, भाव किती सांगायचा, बाकीच्या दोघांनी मुद्दाम त्याहून चढा कसा भरायचा, सगळं तिथंच ठरे. आधी प्रार्थना, मग लूट.

एका शुक्रवारी सरकारी माणसं ड्वेनचे कागद उचलून घेऊन गेली. त्या रविवारी वड्यांना कुणी हात लावला नाही.

"तिघं गप्प बसलो तर कुणाचा बाप काही करू शकत नाही," ड्वेन म्हणाला.

"मी मेले तरी बोलायची नाही," लोर्ना म्हणाली.

"मी कधी तोंड उघडलंय का?" ऑर्व्हिलनं विचारलं.

आणि तिघंही मनात सोमवारची वाट बघू लागले. कारण सरकारची योजनाच तशी होती. अशा छुप्या संगनमताची कबुली जो सगळ्यात आधी देईल, त्याला पूर्ण माफी. मागून येणाऱ्याला थोडीफार सूट, पण तुरुंग बहुतेक ठरलेला. चोरांची शर्यत लावायची आणि पहिल्याला घरी सोडायचं!

सोमवारी नऊच्या ठोक्याला ऑर्व्हिलनं त्या सरकारी कचेरीत फोन लावला. पलीकडं एक गोड आवाजाच्या बाई. आता एकदम "मी चोर" कसं म्हणायचं? माणसाला काही रीतभात असते की नाही?

"काय, थंडी कशी काय तिकडं?"

"अहो, विचारूच नका! तुमच्याकडं?"

बाई निघाल्या शेजारच्याच नॉर्थ डकोटाच्या. थंडीवरून गाडी बर्फावर आली, बर्फावरून घसरलेल्या काकांवर, काकांवरून त्यांच्या गुडघ्यावर. ऑपरेशन त्याच सकाळी होतं. बाई हळव्या झाल्या. ऑर्व्हिलनं धीर दिला. अकरा मिनिटं गेली, तेव्हा कुठं तो खाकरला.

"एक बारीकसं काम होतं. काँक्रीटच्या भावांची कबुली द्यायची होती."

बाईंनी फोन साहेबांकडं दिला. साहेबांनी गावाचं नाव विचारलं आणि म्हणाले, "अरेरे. सात मिनिटांपूर्वीच एका बाईंनी नंबर लावलाय."

लोर्ना मूळची न्यू जर्सीची. सव्वीस वर्षं गावात राहिली, तरी ही बाई हवापाणी न विचारता थेट कामाचं बोलते, अशी सगळ्यांची तक्रार.

तिनं पंधरा वर्षांची टिपणं काढली, सुबक अक्षरात, तारीखवार. तिला माफी. वर साक्षीला येण्याजाण्याचा खर्च सरकारकडून. तिसऱ्या नंबरच्या ड्वेनला चौदा महिने, ऑर्व्हिलला आठ.

तुरुंगात भेटायला आलेली बायको इंगा डोकं धरून बसली. "अहो, पहिलं वाक्य कामाचं बोलला असतात तर आज घरी असतात!"

"अगं, तिच्या काकांचं ऑपरेशन होतं. मधेच कसं तोडायचं?"

इंगानं मान डोलावली. मग म्हणाली, "बरं, झालं का नीट?"

"काय?"

"गुडघा त्यांचा."

"ते विचारायचं राहिलंच."

तेव्हा मात्र इंगा खरोखर संतापली.