सोसायटीच्या जीपची चिकटलेली क्लचप्लेट

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. मी ढोकीच्या बाजूला एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपात फिटर होतो. ऊसच नव्हता, त्यामुळं गाळप बंद आणि आमचे पाने तेल लावून फडक्यात गुंडाळलेले. अशात कळंब तालुक्यातल्या एका गावच्या विकास सोसायटीच्या चेअरमननं फोरमनकडं निरोप धाडला, जीप बिघडलीय, माणूस पाठवा. बाकीचे दोघं रजेवर होते म्हणून फोरमननं मला पाठवलं. माझा समज असा, की आयटीआयचं सर्टिफिकेट बघून पाठवलं.

जीप मिलिटरीच्या लिलावातली. ओढा, नांगरट, दगडधोंडा, तिला कशाचंच वावडं नव्हतं. पण ड्रायव्हर सोलापूरला गिरणीत लागला आणि ती आठ महिने तलावाकाठच्या चेअरमनच्या गोठ्याशेजारी उभी राहिली. मागच्या सीटवर कोंबडी खुडूक बसली होती. चेअरमनच्या मालकीणबाईंनी आधी ती अंड्यांसकट टोपल्यात उचलून नेली आणि जाताना मला म्हणाल्या, "तिला आजून चार दिस लागत होते. तुमी लवकर आलात."

मी गियर टाकला, क्लच पुरता दाबला आणि जीप ढकलायला लावली. क्लच दाबल्यावर गाडी मोकळी सरकायला पाहिजे. ही इंजिनाला सोबत ओढत कुंथत कुंथत सरकली.

"क्लचप्लेट चिकटलीय," मी सांगितलं. "गंजानं धरलंय."

"धरलंय तर सोडाय लावा की," चेअरमन म्हणाले. "उद्या दुपारी साहेब यायलेत."

गावाच्या तलावाचा गाळ काढायचं दुष्काळी काम चालू होतं, निम्मं गाव त्याच्यावर जगत होतं. ते पुढं चालू ठेवायचं का बंद करायचं, ते जिल्ह्याहून येणारे साहेब बघून ठरवणार होते. साहेबांची मोटार सडकेलाच थांबणार, कारण तिथून तलावापर्यंत फक्त जीप जाऊ शकत होती. आणि चेअरमन तालुक्याला सांगून बसले होते, आमच्या जीपमधून दाखवतो.

उपाय मला तोंडपाठ होता. गाडी चालू करायची, क्लच दाबून धरायचा आणि एकदा अॅक्सिलरेटर, एकदा ब्रेक असे हिसके देत राहायचं. हिसक्यानं प्लेट सुटते. बॅटरी बसलेली, म्हणून गाळाच्या कामावरच्या, जेवणाच्या सुट्टीतल्या माणसांनी जीप उतारावरून तलावात ढकलली. ती चालू झाली. चेअरमन धोतराचा सोगा धरून पळत आले आणि चालत्या गाडीत चढले. सोसायटीची मालमत्ता परक्याच्या हातात एकटी सोडायची नाही, असं त्यांचं म्हणणं.

कोरड्या तलावात आम्ही फेऱ्या मारायला लागलो. प्रत्येक हिसक्याला चेअरमन कमरेतून वाकायचे आणि पुन्हा सरळ व्हायचे. बांधावर भाकरी खात बसलेल्या माणसांना वाटलं, ते नमस्कार करतायत. दोन म्हाताऱ्यांनी हात जोडून परत नमस्कार केला.

"सुटली का?" दर फेरीला चेअरमन विचारायचे.

"न्हाय."

सातव्या का आठव्या फेरीला पेट्रोल संपलं. प्लेट होती तिथंच.

आता गियरबॉक्स उतरवण्यावाचून इलाज नव्हता. पण तेवढ्यात मुकादमानं हजेरीची हाक दिली आणि ढकलणारी सगळी माणसं खोरी घेऊन कामाला गेली. उरलो मी आणि चेअरमन. त्यांनी सदरा काढून बॉनेटवर ठेवला आणि माझ्याशेजारी जीपखाली उताणे झाले. बोल्ट निघाले. गियरबॉक्स मागं सरकला आणि दोघांच्या छातीवर येऊन बसला. दोन्ही बाजूंना दगड लावले होते म्हणून बरगड्या वाचल्या, पण हलता येईना.

असं पडल्या पडल्या चेअरमननं माझं गाव विचारलं. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. आडनावावरून आमची वस्ती गावकुसाबाहेरची हे त्यांना कळलं. त्यांनी गियरबॉक्सखालचा हात जरा सरकवून नीट केला.

"बरं," मग म्हणाले. "तुमच्याकडची बाजू तेवढी सोडू नका."

त्यांच्या मालकीणबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि वाकून बघायला लागल्या. आमच्या चार हातांपैकी मोकळा हात एकच होता, माझा डावा. बाईंनी तांब्या त्यात दिला. मी थोडं प्यालो आणि थांबलो. चेअरमनचे ओठ धुळीनं पांढरे पडले होते.

"पाजा की त्यांना," बाई म्हणाल्या. "का आता हात फुटायची वाट बघायची?"

मी तांब्या त्यांच्या तोंडाला लावला. अर्धं पाणी मिशीत गेलं, अर्धं पोटात. ते प्याले आणि म्हणाले, "आजून थोडं."

बाईंनीच मग विहिरीचा दोर आणला, गियरबॉक्सला बांधला आणि बैल लावून ते धूड बाहेर ओढलं. प्रेशर प्लेटचे बोल्ट मी काढले. आत क्लचप्लेट फ्लायव्हीलला अशी बसली होती, जशी तिथंच जन्मली. रॉकेल ओतलं, स्क्रू-ड्रायव्हर घातला, हातोडी मारली. जोरात मारावं तर प्लेट तडकेल, आणि दुसरी मिळायची ती सोलापूरला.

बाई घरात गेल्या आणि उलथणं घेऊन आल्या.

"तव्याला भाकरी चिकटल्यावर एकाच कडंला रेटली तर तुटती," त्या म्हणाल्या. "चौफेर फिरवायचं. जरा जरा."

मला राग आला. दोन वर्षं आयटीआयला काढली होती, ती उलथण्यासाठी नव्हे. पण चेअरमननं उलथणं माझ्या हातात दिलं आणि स्वतः कंदिलातलं उरलेलं रॉकेल आणायला गेले. मी कडेनं फिरवत गेलो, जरा जरा. तिसऱ्या वेढ्याला कट्ट असा आवाज आला आणि प्लेट माझ्या मांडीवर पडली.

"निघाली," मी म्हणालो.

"निघणारच," बाई म्हणाल्या आणि वाकडं झालेलं उलथणं दगडावर ठोकून सरळ करायला लागल्या.

पॉलिश कागदानं गंज घासून सगळं परत बसवेपर्यंत दुसऱ्या दिवसाची सकाळ गेली. दुपारी साहेब आले. चालवायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मीच बसलो. सडकेपासून तलावापर्यंत साहेबांनी दोन्ही हातांनी दांडी धरली होती.

"ड्रायव्हर नवा दिसतो," ते म्हणाले.

"ड्रायव्हर न्हाईत साहेब," चेअरमन मागून म्हणाले. "कारखान्याचे फिटर हायत, मुद्दाम बोलावलेत." आणि माझं आडनाव घेऊन त्याला 'साहेब' जोडलं.

काम पुढं चालू राहिलं. मी दोन दिवस उशिरा कारखान्यात पोचलो. एका प्लेटीला इतका वेळ कसा लागला, असं फोरमननं विचारलं. मी म्हणालो, लई चिकटली होती. त्यानं माझे दोन दिवस रजेत धरले.