तरोटा पाहुण्यांना वाढत नाहीत

हैदराबादेत हिमायतनगरच्या हॉलबाहेर मराठी मंडळाने बॅनर लावला होता : ‘दुष्काळातलं सुपरफूड, आपल्या पूर्वजांच्या आरोग्याचं रहस्य’. खाली हिरव्या पानांचा फोटो, तोही पालकाचा. मी ऑटोतून उतरले, आत्याला हात दिला, तिच्या मांडीवरचं भाजीचं पातेलं खाली घेतलं आणि तो बॅनर वाचला. आत्याने वाचला नाही, तिचा चष्मा पिशवीत होता. बरंच झालं. वाचला असता तर पातेल्यासकट तिथूनच परत फिरली असती.

मी पत्रकं लिहिते. अंगणवाडीतल्या पोरांच्या ताटात डाळ, तेल आणि अंडं पुरेसं पडावं म्हणून भांडणारा आमचा एक लहान गट आहे. अंबरपेठपासून दिलसुखनगरपर्यंत गल्लोगल्ली फिरून आम्ही पत्रकं वाटतो. तेलुगूत, उर्दूत आणि माझ्या हट्टापायी मराठीतही. मराठी पत्रक वाचतात ती आईवडिलांच्या वयाची माणसं. माझ्या वयाची म्हणतात, “व्हॉइस नोट डाल दे ना यार, इत्ता मराठी कौन पढता?”

तर रानभाज्यांवरच्या अशाच एका पत्रकामुळे मंडळाच्या अध्यक्षकाकांना कळलं, की माझ्या आत्याला तरोट्याची, म्हणजे कोकणातल्या टाकळ्याची, भाजी करता येते. काका निवृत्त वकील, बोलणं साखरेत घोळलेलं. त्यांनी फोन केला. रानभाज्यांवर कार्यक्रम आहे, एक आहारतज्ज्ञ बाई बोलणार आहेत, आत्याबाईंनी चवीपुरती भाजी करून आणावी.

मला वाटलं आत्या नाहीच म्हणणार. आमच्या घरात तरोट्याचा एक कडक नियम आहे. पावसाळ्यात तो घरच्यांपुरता शिजतो आणि दारात पाहुणा आला की पातेल्यावर झाकण पडतं. मग पाहुण्याला पिठलं, बटाटा, काहीही, पण तरोटा नाही. बाकीच्या भाज्यांचं असं नाही. घोळीची भाजी, जी इथे गंगवायली म्हणून बाजारात जुडीने मिळते, ती आत्या कुणालाही वाढते. तरोट्याचंच वावडं. लहानपणी मी विचारलं की उत्तर ठरलेलं, “नाही वाढत. जेव गुमान.”

पण आत्या हो म्हणाली. फक्त म्हणाली, “पाच मिनटं मला बोलू द्या म्हणावं. त्याच्याबिगर येत नाही.”

काकांनी ते फोनवर लगेच कबूल केलं. कशाबद्दल बोलायचंय, ते तिने मला भाजी निवडताना सांगितलं. तरोटा आम्ही शहराबाहेरच्या एका पडीक प्लॉटवरून खुडून आणला होता. अंबरपेठेत नाल्याच्या कडेला तो रग्गड उगवतो, पण ते पाणी बघितलं की त्यातली भाजी खायला सांगणाऱ्याचा राग येतो. कोवळी कोवळी पानं परातीत टाकत आत्या म्हणाली, “बहात्तरच्या दुष्काळात माझा धाकटा भाऊ गेला. ह्याच भाजीनं पोट भरून गेला. ते सांगायचंय.”

हा भाऊ म्हणजे माझा काका. पण जेमतेम चालायला-बोलायला लागलेल्या पोराला काका तरी कसं म्हणायचं? बाबांचा तर तेव्हा जन्मही नव्हता. घरात त्याचा फोटो नाही, श्राद्धाला त्याचा उल्लेख नाही. मला तो असल्याचंच माहीत नव्हतं.

“आत्ता कशाला सांगतेस?” मी विचारलं.

“मी मेल्यावर कोण सांगणार? तुझा बाप?”

हे एवढंच तिला हवं होतं. मानधन नको, शाल नको, पाच मिनिटं. विषय दुःखाचा आहे, हे मी काकांच्या कानावर घालून ठेवलं.

हॉल भरला होता. सिल्कच्या साड्या, अत्तराचा वास, मागे समोशांच्या पेट्या. आहारतज्ज्ञ बाईंनी पडद्यावर तक्ता लावला. तरोट्यात लोह, कॅल्शियम, तंतू, डोळ्यांसाठी उत्तम. यात खोटं काही नव्हतं. मीही हेच छापते. पण मग बाई म्हणाल्या, “आपल्या पूर्वजांना दुष्काळातही कुपोषण का झालं नाही? कारण त्यांच्याकडे हे होतं!” टाळ्या. पुढे म्हणाल्या, “आज काही लोक फुकट अंडी मागतात, डाळ मागतात. अहो, रस्त्याच्या कडेला बघा ना, निसर्गाने ताट वाढून ठेवलंय.” आणखी टाळ्या.

माझं डोकं फिरलं. ‘काही लोक’ म्हणजे आम्ही. आणि कुपोषण झालं नाही? हा शोध यांनी कुठे लावला? पानात जीवनसत्त्वं असतात, मान्य. पण अंगात ताकद यायला धान्य लागतं. पानातल्या डोळ्यांच्या जीवनसत्त्वाला शरीरात शिरायला थोडं तेल लागतं. त्यातलं लोह अंगी लागतं थोडंच, लिंबू किंवा आंबट काही सोबत असेल तर जरा बरं. बहात्तरला तेल कुठलं आणि लिंबू कुठलं? मूठभर मीठ होतं. लहान पोराचं पोट वाटीएवढं. ते उकडलेल्या पाल्याने भरतं, पोराला वाटतं जेवलो, आईला वाटतं जेवला आणि पोर वाळत जातं. हा हिशेब त्या तक्त्यात नव्हता. तक्त्यात फक्त भाजी होती, खाणारा नव्हता. श्रीमंताच्या ताटात चौथी वाटी म्हणून जे झकास, तेच गरिबाच्या ताटात एकटं पडलं की उपासमार होते. आणि त्या उपासमारीला हे आरोग्याचं रहस्य म्हणतात!

मी हात वर केला. काकांनी हसून खाली करायची खूण केली. “प्रश्न शेवटी हं बेटा.”

मग ते आमच्याजवळ आले आणि आत्याकडे वाकून म्हणाले, “आत्याबाई, वेळ फार झाला हो. ते बोलायचं राहू द्या आज. आणि पोरगी म्हणत होती, काही दुःखाचं आहे म्हणे? कार्यक्रम आनंदाचा आहे, लोकांचा मूड कशाला घालवायचा? तुम्ही फक्त प्रेमाने वाढा.”

“काका, तुम्ही फोनवर कबूल केलं होतं,” मी म्हणाले.

“तू जरा दमानं घे. प्रत्येक ठिकाणी मोर्चा नसतो.”

आत्या उठली, टेबलामागे जाऊन उभी राहिली. कागदाच्या वाट्या घेऊन रांग लागली. पुढे स्वतः आहारतज्ज्ञ बाई, फोटोवाला तयार. आत्याने पिशवीतून एक डबा काढून उघडला आणि बाईंच्या वाटीत पिठलं वाढलं. वर भाकरीचा तुकडा. पुढच्याला पिठलं. त्याच्या पुढच्याला पिठलं. हा पिठल्याचा डबा तिने कधी भरून आणला, मलाही ठाऊक नव्हतं. तरोट्याच्या पातेल्यावर झाकण, झाकणावर तिचा डावा हात.

“अहो, भाजी?” बाई म्हणाल्या.

“पाहुण्यांना नाही वाढत ती.”

“आम्ही त्याच्यासाठीच तर आलोय!”

“माहीताय. पण आमच्यात नाही वाढत.”

रांगेत हसू फुटलं. एक गृहस्थ म्हणाले, “अम्मा, इतना भाव मत खाओ, थोडा चखाओ तो सही.” काका धावत आले. कपाळावर घाम, चेहऱ्यावर तेच हसू. “आत्याबाई, हे काय? लोक खोळंबलेत.”

“वकीलसाहेब, दुष्काळात आम्ही हे खात असताना कुणी दारात आलं की माय पातेलं झाकायची. लाज वाटायची तिला. जनावराचं खाणं माणसाला कसं वाढायचं? म्हणून नाही वाढत. आता तुमच्या लोकांना खायचंच असंल, तर आधी ते कशापायी शिजायचं ते ऐकावं लागंल. ऐकून घेतलं तर ते पाहुणे नाहीत, घरचे. घरच्यांना वाढते मी.”

काकांनी माझ्याकडे बघितलं, जणू मीच पढवलं होतं. मी पढवलं असतं तर इतकं चांगलं जमलं नसतं.

आत्याने माईक मागितला नाही, कुणी दिलाही नाही. टेबलामागूनच बोलली. खडी फोडायच्या कामावर माय जायची. ही दहा वर्षांची पोर भावाला कडेवर घेऊन माळावर तरोटा खुडायची. आधी भाकरीसंगं, मग अर्धी भाकर, मग पोरांच्या वाट्याला नुसता पाला. “पोट टम्म व्हायचं त्याचं. हातपाय काड्या. लोक म्हणायचे, पोट तर भरलेलं दिसतंय की. गेला तवा म्हणाले, हगवणीनं गेला. भुकेनं गेला असं कुणी म्हटलंच नाही. ही भाजी वाईट नाही. मी अजून खाते, तेल घालते, शेंगदाण्याचं कूट घालते, भाकरीसंगं खाते. पण हिनं आम्हाला जगवलं असं म्हणू नका. मी जगले, कारण माय तिच्या वाटची भाकर मला द्यायची. त्याला कोरडी भाकर चावायची नाही.”

पाच मिनिटंही लागली नाहीत.

काही लोक समोशांकडे सरकले. एकीने हळूच पर्स उचलली. आहारतज्ज्ञ बाई वाटीतल्या पिठल्याकडे बघत उभ्या राहिल्या. मला त्यांची दया आली नाही. येईल कधी. काका माईकवर जाऊन म्हणाले, “आपल्या आत्याबाई भावुक झाल्या.” भावुक! डोळ्यांत टिपूस नसलेली बाई भावुक आणि पडद्यावर अजून तो तक्ता तसाच.

रांगेत शेवटी एक बाई होत्या, आत्याच्याच वयाच्या. सिल्क नाही, साधी सुती साडी, बोलणं परभणीकडचं. त्या पुढे आल्या, वाटी धरली आणि विचारलं, “नाव काय होतं त्याचं?”

आत्याने झाकण काढलं. वाढता वाढता नाव सांगितलं, दोनदा, कारण काकांनी माईकवर आभार सुरू केले होते आणि पहिल्या वेळी त्या बाईंना ऐकू गेलं नाही.